रोजकिर्दीत बांधलेला वाडा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात गर्दी लोटते. नर आणि मादी हे दोन धबधबे डोक्यावरून कोसळत असतात आणि आतल्या सज्जात उभा राहिलेला माणूस कोरडा राहतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, हिजरी 1022 म्हणजे इसवी सन 1613 मध्ये, हे काम झाले. ते करवून घेणाऱ्या मीर महंमद इमादीनचे नावही शिलालेखामुळे आपल्याला ठाऊक आहे. पण दगड कोणत्या खाणीतला, चुना कुठे भाजला, किती वडार किती दिवस राबले, नदीला पूर आला तेव्हा काम किती महिने थांबले, यांतले काहीच त्या दगडावर नाही. असणारही नाही. शिलालेख काम पुरे झाल्यावर कोरतात आणि त्यावर काय लिहायचे ते मालक ठरवतो. काम चालू असताना जे लिहिले जाते ते वेगळेच कागद असतात. ते कारकून लिहितो, रोज संध्याकाळी लिहितो, आणि पुढे कोणी इतिहास म्हणून वाचील अशी त्याला पुसटशीही कल्पना नसते.

त्या कागदांचे नाव हिशेबाच्या वह्या. बँकेच्या नोकरीत माझे अर्धे आयुष्य अशा वह्यांवर टिचक्या मारण्यात गेले आणि उरलेले कादंबऱ्या लिहिण्यात. दोन्ही धंद्यांत मिळून एक गोष्ट ध्यानात आली. माणूस पत्रात बढाई मारतो, आठवणीत विसरतो आणि मुलाखतीत सावरून घेतो. खर्चाच्या वहीत मात्र त्याला आज किती पैसे गेले ते लिहावेच लागते, नाहीतर रात्री शिल्लक जुळत नाही. म्हणून एखादा जुना वाडा कसा उभा राहिला हे समजून घ्यायचे असेल, तर दिंडी दरवाजावरच्या नक्षीच्या आधी वहीत पाहावे.

आपल्याकडे हिशेब लिहिण्याची शिस्त जुनी आणि चोख आहे. आधी कच्ची याद. तिच्यावरून रोजकीर्द, म्हणजे त्या त्या दिवसाचा जमाखर्च. रोजकिर्दीतून रकमा निवडून खतावणीत घालायच्या, प्रत्येक खाते वेगळे. आणि वर्षअखेर ताळेबंद. घर बांधल्याचा हिशेब शोधणारे बहुतेक लोक थेट ताळेबंदाकडे धावतात, कारण तिथे एकूण आकडा मिळतो. पण एकूण आकड्यातून घर कळत नाही. खतावणीतून निदान सामान कळते. गोष्ट कळते ती रोजकिर्दीतून, कारण ती दिवसांच्या क्रमाने लिहिलेली असते आणि घरही त्याच क्रमाने उभे राहिलेले असते.

आधी दिवस आणि नाणे

ही वही उघडणाऱ्याला पहिली अडचण येते ती तारखेची. मराठी दप्तरांत शुहूर सनाची वर्षे अरबी शब्दांत लिहिलेली असतात. इसवी सन 1730 च्या जानेवारीतला कागद 'सलासीन मया व अलफ' या सालाचा असतो, म्हणजे शुहूर 1130. त्यात महिन्याप्रमाणे 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाला सुरू होते. सरकारी दप्तराचे नवे पान आणि शेतकऱ्याची पेरणी एकाच नक्षत्रावर, ही सोय ज्याने केली त्याला वसुली कशी होते ते नीट ठाऊक असले पाहिजे.

आमच्या भागात आणखी गुंतागुंत. निजामाच्या राज्यात फसली साल, त्यात 590 किंवा 591 मिळवायचे. रुपया हाली सिक्का. शेजारी बार्शी-सोलापुरात इंग्रजी अंमल, तिथे कलदार रुपया. पुढे ठरलेल्या दराने सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. सागवान इंग्रजी मुलखातून आणले असेल आणि मजुरी गावात दिली असेल, तर एकाच पानावर दोन जातींचे रुपये येऊ शकतात. त्यांची सरसकट बेरीज करणाऱ्याचा हिशेब सातव्या हिश्श्यापर्यंत चुकू शकतो. त्यात 1853 ते 1860 ही सात वर्षे नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात होता. त्या काळात मेडोज टेलर नळदुर्गला बसून जिल्ह्याचा कारभार पाहत होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची 'तारा' ही त्याची कादंबरी 1863 मध्ये निघाली. कारभार आणि कादंबरी एका हाताने लिहिणारा हा गृहस्थ मला उगाच जवळचा वाटतो.

नारळावरून ओळखायचे टप्पे

तारीख आणि नाणे उलगडले की वही बोलू लागते. बांधकामाचा हंगाम दसरा-दिवाळीनंतरचा. पाऊस उघडलेला असतो, गाडीवाटा वाळलेल्या असतात. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी आली की मजुरीच्या ओळी विरळ होतात, कारण माणसे रानात गेलेली असतात. सुगी संपली की उन्हाळ्यात पुन्हा गर्दी, आणि मृग जवळ आला की एकच धांदल: माळवद पुरे झाले पाहिजे, नाहीतर उघड्या भिंतीत पाणी शिरेल. एखाद्या वर्षी वैशाखात खर्च अचानक थांबलेला दिसला, तर कारण घरात शोधू नये, आधी त्या वर्षीच्या वसुलीत शोधावे. पीक बुडाले की वाड्याचे काम थांबते. धाराशिवसारख्या अवर्षणाच्या मुलखात कोणताही मोठा वाडा एका दमात झाला असेल, हे हिशेब पाहिल्याशिवाय मी मान्य करणार नाही.

सामानाचा दर पाहिला की घराचा नकाशा कळू लागतो. आमच्याकडे काळा दगड पायाखालीच आहे. त्याची किंमत जवळजवळ नाही. पैसा जातो तो फोडण्यात, घडण्यात आणि गाडीभाड्यात. पांढरी माती जुन्या गावठाणातून मिळते. कडुनिंब आणि बाभूळ बांधावर आहेत, त्यांच्या कड्या होतात. पण सागवान इथले नव्हे. ते लांबून येते, म्हणून त्याची एकेक तुळई वेगळी लिहिली जाते. आमच्या भागातले घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. साहजिकच खांब, तुळया आणि हस्त यांच्या नगांवरून घर किती खणी होते याचा बराच अंदाज बसतो, मग ते घर आज जमीनदोस्त झालेले का असेना.

चुन्याचा हिशेब त्याहून मजेचा. चुनखडी गोळा करणे, भट्टी लावणे, सरपण, घाण्याला बैलजोडी, आणि मग अचानक गूळ, हिरडा, बेलफळ. नवखा वाचक म्हणेल, घरात कार्य होते की काय! कार्य नव्हते, चुना चिवट व्हावा म्हणून तो मळताना असले पदार्थ घालण्याची आपल्याकडे रीतच होती. गूळ जर बांधकामाच्या खात्यात पडला असेल, तर त्या आठवड्यात चुन्याचे काम चालू होते असे समजावे. नुसती माती आणि गवताचा भुसा असेल, तर ती भिंत मातीत रचलेली आहे. पुढे कोणी कितीही अभिमानाने 'चुनेगच्ची बांधकाम' म्हटले तरी वही त्याला साथ देत नाही.

बँकेत आम्ही घरकर्जाचा हप्ता जोते, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांवर सोडत असू. जागेवर जाऊन पाहायचे आणि मगच सही करायची. जुन्या रोजकिर्दीत ते टप्पे नारळावरून ओळखावे लागतात. पायाभरणीचा नारळ, चौकट बसवण्याच्या मुहूर्ताचा नारळ, माळवदाची पहिली तुळई चढली त्या दिवशी सुताराला दिलेले पागोटे, आणि शेवटी वास्तुशांतीची शिधासामग्री. धर्मकृत्यांचा खर्च म्हणून या ओळी सोडून देऊ नयेत. पायाभरणी आणि चौकट यांत किती दिवस गेले हे काढले की जोत्याला लागलेला वेळ हातात येतो.

सोळा हजार एकशे दहा

याची ठसठशीत उदाहरणे पुण्याकडची आहेत, कारण पेशवे दप्तर टिकले. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची, वास्तुशांती 22 जानेवारी 1732 ची, दोन्ही शनिवार. आणि खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये. हा आकडा शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि 'काय ती स्वस्ताई' असे म्हणून आपण पुढे जातो. हिशेबनीस असे पुढे जात नाही. तो विचारतो, हा आकडा कशाचा? वाडा एकदा बांधून संपलेला नाही. तटाचे काम नानासाहेबांच्या काळात पुरे झाले, नंतरच्या पेशव्यांनी दिवाणखाने, कारंजी, हौद यांची भर घातली. 1828 च्या आगीत जे जळाले ते जवळजवळ शंभर वर्षे बांधले जात होते. सोळा हजार एकशे दहा ही त्यातल्या पहिल्या टप्प्याची बेरीज. शंभर वर्षांच्या वास्तूवर दोन वर्षांचा आकडा चिकटवणे म्हणजे पहिला हप्ता पाहून कर्जखाते बंद करण्यासारखे आहे.

शनिवारवाडा तर शहरातला, राज्यकर्त्याचा. खेड्यातल्या घराचे याहून चांगले उदाहरण वाईजवळ मेणवलीला आहे. 1768 मध्ये हे गाव नाना फडणिसांना मिळाले आणि कृष्णाकाठी त्यांनी सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळे उभी केली. 2004 च्या 'स्वदेस' चित्रपटामुळे हा घाट नव्या पिढीलाही ओळखीचा झाला. घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे, भिंतींवर चित्रे आहेत. पण मला या वाड्यात सगळ्यांत आकर्षक वाटते ती त्याच्या मालकाची नोकरी. फडणीस म्हणजे राज्याचा हिशेब तपासणारा. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या हिशेबनीसाने खेड्यात बांधलेले हे घर आहे, आणि त्या घराने आपले दप्तरही सांभाळले. मेणवली दप्तर म्हणून ते प्रसिद्ध आहे. पारसनिसांच्या खटपटीने ते साताऱ्याच्या संग्रहात आले आणि 1939 मध्ये त्या संग्रहाबरोबर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. वाडा वाईला उभा आहे आणि कागद पुण्याला सुरक्षित आहेत. दोन्ही शिल्लक राहणे, हे भाग्य आपल्याकडे फार थोड्या घरांच्या वाट्याला आले.

इंग्लंडात असे भाग्य पुष्कळ घरांना लाभले. डर्बीशायरमधले हार्डविक हॉल हे त्यांतले नावाजलेले. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या श्रूजबरीच्या सरदारीणबाईंनी, ज्यांना लोक 'बेस ऑफ हार्डविक' म्हणत, 1590 मध्ये त्याची उभारणी सुरू केली आणि 1597 मध्ये त्या तिथे राहायला गेल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. बांधकामाचा हिशेब पंधरवड्याला पुरा व्हायचा आणि बाई स्वतः त्याच्यावर सही करायच्या. दगडाच्या खाणी त्यांच्या, शिसे त्यांचे, काचही त्यांच्याच कारखान्याची. त्या काळी डोळे दिपवणाऱ्या त्या प्रचंड खिडक्यांमागचे गुपित असे वहीत सापडते. डेव्हिड ड्युरांट आणि फिलिप रायडन यांनी हे हिशेब 1980 आणि 1984 मध्ये दोन भागांत छापून काढले. गंमत अशी, की ज्यांच्या कल्पनेतून हे घर उतरले असे मानतात, ते रॉबर्ट स्मिथसन या हिशेबात जवळजवळ भेटतच नाहीत. भेटतात ते पाथरवट, सुतार, गिलावा करणारे. आणि रोजंदारीवरच्या बायकाही.

जे लिहिले गेले नाही

इथे आपल्या वह्यांची खरी मर्यादा समोर येते, आणि ती कारकुनाच्या चुकीची नाही. रोजकिर्दीत तेच उतरते ज्यासाठी पैसा किंवा धान्य बाहेर पडले. ज्यासाठी काहीच बाहेर पडले नाही, ते वहीपुरते घडलेच नाही.

गावच्या सुताराला, लोहाराला सुगीत बलुते मिळे. देशमुखाच्या वाड्यावर तो महिनाभर राबला तरी वहीत त्याची ओळ येईलच असे नाही. बाहेरगावच्या नक्षीवाल्या सुताराचा रोज मात्र आण्यापैसह लिहिला जाईल. याहून मोठी पोकळी वेठीची. दगड खाणीतून जोत्यापर्यंत आला, माती गावठाणातून माळवदावर चढली, पाणी विहिरीतून घाण्यावर गेले. फोडणावळ लिहिलेली आहे आणि वाहणावळ लिहिलेलीच नाही, असे दिसले की थांबावे. ओझे आपल्या पायांनी चालत येत नाही. ते कोणी आणले हे महाराष्ट्रातल्या खेड्यात जन्मलेल्या माणसाला सांगावे लागू नये.

वतनाच्या नावाखाली चाललेल्या या राबणुकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. आमच्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली, तिलाही ते आले होते. हा इतिहास आपण राजकीय इतिहास म्हणून वाचतो. तो वास्तूंचाही इतिहास आहे. तडवळ्याची परिषद ज्या हिशेबाबद्दल होती, तोच हिशेब वाड्यांच्या वह्यांत गाळलेला आहे. म्हणून वाड्याचा खर्च काढताना ताळेबंदाखाली आणखी एक खाते उघडले पाहिजे. रक्कम लिहिता येणार नाही. पण किती गाड्या दगड, किती खंडी चुना, आणि त्यांपैकी किती मालाची वाहणावळ दिलेली नाही, हे नक्की लिहिता येईल. हे काम बेरीज येणाऱ्या कोणालाही जमेल.

हिशेबाच्या वहीवर कितपत विश्वास ठेवावा, याचे उत्तर आपल्या कायद्याने पूर्वीच देऊन ठेवले आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचे चौतिसावे कलम सांगत असे, की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या वह्यांतली नोंद विचारात घेता येते, पण केवळ तेवढ्यावरून कोणाच्या डोक्यावर जबाबदारी टाकता येत नाही. तो कायदा गेला, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तत्त्व तेच राहिले. इतिहासालाही ते लागू आहे. वहीने सांगितले ते भिंतीवर जाऊन पडताळावे आणि भिंतीने सांगितले ते वहीत. दोन्ही जुळले तर खरे.

भिंतीची साक्ष

आमच्या भागात भिंतीची ही साक्ष फार भयंकर रीतीने निघाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर दमून झोपलेली माणसे घरांखाली गाडली गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात. पण सास्तूर, होळी, राजेगाव, माकणी ही गावे आमची. नंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली. दोष दगडमातीच्या घरांना दिला गेला आणि तो बराचसा खराही होता. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये भर. दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड नाहीत. डोक्यावर माळवद, आणि दर उन्हाळ्यात त्यावर मातीचा नवा थर, जुना न काढता. भिंती हादरून फाकल्या आणि छप्पर कोसळले. जिथे माळवदाचा भार भिंतीवर नसून नीट सांधलेल्या लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती बाहेर पडूनही छप्पर उभे राहिल्याचे नमुने पाहणीला आलेल्या अभियंत्यांना आढळले.

म्हणजे एका गावात, एकाच दगडामातीची दोन घरे. एक उभे राहते, एक पडते. फरक कशात होता? लांब दगड घातले की नाही यात, खांबांवर किती खर्च केला यात. असला फरक बाहेरून दिसत नाही, पण वहीत दिसू शकतो. लांब घडीव दगडाचा दर वेगळा असतो; सांध्यांच्या सुतारकामाला दिवस जास्त लागतात. भूकंपानंतर घाबरून आम्ही सगळेच जुने ते मारक ठरवले. चांगल्या सांध्यांचे सागवानी खांब उपटून विकले आणि त्या जागी कोणतेही गणित न करता विटा-सिमेंट रचले. नवे घर नको होते असे कोणी म्हणणार नाही. पण जुन्यातले काय टिकले आणि का टिकले हे विचारण्याइतकी उसंत आम्ही घेतली नाही. पुढच्या हादऱ्याच्या वेळी ते ज्ञान उपयोगी पडले असते.

आज जिल्ह्यात फिरताना गढ्यांचे बुरूज ढासळलेले दिसतात. वाडे भावकीच्या वाटणीत उभे चिरले गेले आहेत. लाकूड व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढते तेव्हा माळ्यावरची लाल कापडात बांधलेली बासने रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. मोडी वाचणारा घरात कोणी उरलेला नसतो. काही घरी उलट भीती: या कागदांत कोणाचा हिस्सा निघाला तर? म्हणून ते दाखवतही नाहीत. दोन्ही रीतींनी कागद नाहीसे होतात, एकीकडे तोलून आणि दुसरीकडे वाळवीने.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून ठेवलेल्या मण्यांचे आणि मृण्मूर्तींचे संग्रहालय आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशाने 'तगर' म्हणून नोंदवलेले हे गाव त्या मण्यांमुळे जगाच्या नकाशावर आले. एका व्यापारी गृहस्थाने फुटकी खापरे मोलाची मानली म्हणून हे झाले. दीडशे वर्षांपूर्वीची खतावणी खापरापेक्षा कितीतरी जास्त बोलते. तिला तेवढा मान द्यायला सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या माळ्यावर बासन आहे त्यांनी ते खाली आणून ऊन दाखवावे, पानांचा क्रम न मोडता फोनवर एकेक पान टिपून ठेवावे, आणि गावात मोडी शिकू इच्छिणारे एखादे पोर असेल तर त्याच्या हाती त्या प्रती द्याव्यात. मूळ वही घरातच राहू द्या. हिस्सा जायचा नाही.

आणि वाचणाऱ्याने एवढे करावे. शेवटच्या पानावरची एकूण बेरीज आधी पाहू नये. पहिल्या नारळापासून सुरुवात करावी, एकेक दिवस पुढे जावे, आणि जिथे दगड आला पण वाहणावळ नाही तिथे समासात खूण करून ठेवावी.